पुलापाशी इंजिन बंद करू नये

रविवार, १८ ऑगस्ट २०२४. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण लायडनजवळच्या एका कालव्यावरचा पूल वर उचलला गेला आणि खालून शिडाच्या बोटी जाऊ लागल्या, तेव्हा सुलभाकाकूंनी त्यांचा फोटो काढला होता. फोटोच्या खालच्या कडेला त्यांच्या गाडीचे फिकट निळे बॉनेट दिसते. त्या बॉनेटखाली त्या क्षणी काय चालले होते, ते फोटोत दिसत नाही. ते शोधून काढणे हा माझा व्यवसाय आहे.

युट्रेख्टच्या सीमेवर जुन्या स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करणारे एक छोटे वर्कशॉप आहे. तिथे उष्णतेशी संबंधित सर्व प्रश्न माझ्याकडे येतात. त्याआधी मी आइंडहोवनला चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या शीतकरणावर काम करत होते. तिथे तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत सांभाळावे लागे. मी ती नोकरी सोडली, तेव्हा पुण्याहून बाबांचा फोन आला. "म्हणजे आता तू गॅरेजमध्ये?" एवढेच त्यांनी विचारले. मी त्यांना सांगितले की तिथे एका यंत्राच्या एका कोपऱ्यासाठी आम्ही चाळीस जण होतो, इथे अख्खे इंजिन माझे एकटीचे आहे. माझी महत्त्वाकांक्षा मी कधी लपवलेली नाही. जुन्या इंजिनाच्या तापमानाचा प्रश्न पडला की युरोपात लोकांना पहिल्यांदा माझे नाव आठवावे, इतकी ती साधी आहे.

मुकुंदकाका आणि सुलभाकाकू रायस्वाइकचे. काका तरुणपणी इंजिनिअर म्हणून इथे आले, एका ड्रॉइंग ऑफिसात आयुष्यभर काम करून निवृत्त झाले. गाडी १९६७ सालची, इंग्लिश बनावटीची, उघड्या टपाची, दोनच माणसांची. सहा सिलिंडरचे इंजिन. ती त्यांनी मुलीचे शिक्षण संपल्यावर घेतली. त्या रविवारी पुलापाशी फाटक खाली आले आणि काकांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले.

यात दोन संस्कृतींचा हात होता. या देशात अनेक पुलांपाशी पाटीच असते की पूल उघडा असताना इंजिन बंद ठेवा. आणि जो पुण्यात स्कूटर चालवायला शिकला, त्याला अशी पाटी लागतही नाही. सिग्नल लाल झाला की इंजिन बंद, उतार लागला की गिअर काढून गाडी सोडायची, हे त्या पिढीच्या हातात मुरलेले आहे. नेदरलँड्समध्ये उतार नाहीत म्हणून, नाही तर काकांनी तेही केले असते.

नव्या गाडीला याने काहीच होत नाही. या गाडीला झाले. कुकरखालचा गॅस बंद केला तरी आतली वाफ कोंडलेलीच असते, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. इंजिनाचेही तसेच आहे. ते बंद होताच पाणी फिरवणारा पंप थांबतो, पण ज्वलनाने तापलेल्या धातूला ते कळत नाही. तो आपली उष्णता जागच्या जागी उभ्या असलेल्या कूलंटमध्ये ओतत राहतो. एकोणतीस अंशांच्या हवेत, वाराही नसताना, कूलंट उकळले आणि झाकणाच्या नळीतून रस्त्यावर सांडले. पूल बंद झाला. काकांनी गाडी सुरू केली. काटा पंचाण्णववरून सत्तरवर आला होता.

"बघ, विश्रांती मिळाली की कशी थंड झाली," काका म्हणाले.

काटा खोटे बोलत नव्हता. ज्या द्रवात त्याचा तापमापक बुडालेला असायला हवा, तो द्रवच उरला नव्हता. काटा वाफेचे तापमान सांगत होता. दोन किलोमीटरवर बॉनेटच्या फटींतून पांढरा लोट आला, तेव्हा काकूंच्या म्हणण्याप्रमाणे एक डच सायकलस्वार थांबला, त्याने गाडीकडे पाहिले, "सुंदर आहे," असे म्हणाला आणि निघून गेला.

सोमवारी गाडी ट्रकवरून आमच्याकडे आली. वर्कशॉपचा मालक रूड, साठी ओलांडलेला, वाक्ये मोजून बोलणारा. त्याने हेड काढले, म्हणजे इंजिनाचे ॲल्युमिनियमचे वरचे झाकण. त्यावर सपाट पट्टी ठेवून फटीत जाडी मोजायच्या पातळ पात्या घालून पाहिल्या. हेड वाकले होते. ते पूर्वीही दोनदा घासून सपाट केलेले होते. आता तिसऱ्यांदा घासले की जाडीची मर्यादा संपणार होती.

"अजून एकदा तापली तर?" काकांनी विचारले.

"तर हे हेड खिडकीत कुंडी ठेवायच्या कामाचं," रूड म्हणाला.

"आणि दुसरं मिळेल?"

"मिळेल. कधी, ते सांगता येत नाही."

रूड आत गेला. काकूंनी काकांकडे पाहिले आणि मला मराठीत म्हणाल्या, "त्यांना वेळ नाहीये गं केतकी."

मग काकांनी स्वतःच सांगितले. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांची पंच्याहत्तरी. या देशात पंच्याहत्तरीला वाहनपरवान्यासाठी तब्येतीची तपासणी द्यावी लागते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधोमध डाग धरू लागला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते की आज नजर मर्यादेत आहे, सप्टेंबरच्या तपासणीत ती बसण्याची शक्यता नाही.

"म्हणजे मला एकच उन्हाळा आहे," काका म्हणाले. "आणि त्यात एकच काम. आफ्स्लाउटडाइक."

आफ्स्लाउटडाइक हा समुद्र अडवणारा बत्तीस किलोमीटरचा बांध आहे. त्याच्या पाठीवरून सरळ रस्ता जातो. काका या देशात आल्यावर पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याने त्यांना आपल्या उघड्या गाडीतून त्यावरून नेले होते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला माणसांनी केलेले तळे, आणि मध्ये आपण. गाडी घेतल्यापासून दर वर्षी ते जायचे ठरवत आणि दर वर्षी इंजिनाच्या भीतीने मागे फिरत. सरळ, उघडा, लांब रस्ता. मध्येच काही झाले तर वळायला जागा नाही.

"जूनपर्यंत करून दे," ते म्हणाले. "नंतर ती बंद पडली तरी चालेल."

मी त्यांना सांगितले की नंतर बंद पडेल असे काम मी करत नाही.

"बघा," काकू म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा हट्टी कुणीतरी भेटलं."

इथे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडे माझ्या कामाविषयी. लोकांना वाटते की इंजिन थंड ठेवणे म्हणजे माझे काम. अर्धा वेळ मी ते गरम ठेवण्यासाठी झगडत असते. इंजिनात दोन द्रव उष्णता वाहून नेतात, कूलंट आणि तेल. कूलंट लवकर तापते. डॅशबोर्डवरचा काटा साताठ मिनिटांत मध्यावर येतो आणि चालक समजतो की इंजिन तयार आहे. तेल मात्र मागे रेंगाळते. त्याला त्याच्या कामाच्या तापमानाला यायला कूलंटच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि तोवर ते घट्ट असते, बेअरिंगच्या बारीक फटींत नीट पोचत नाही. नव्वदच्या आसपास तेल उत्तम. एकशे वीसच्या वर ते पातळ होऊन धातूला धातू लागू देते. साठीतच राहिले, तर ज्वलनातून आलेली पाण्याची वाफ त्यात मुरते आणि उडून जात नाही.

डेन बॉसचे एक दंतवैद्य माझ्याकडे येत. त्यांच्या बंद टपाच्या लाल कूपे गाडीला त्यांनी शर्यतीच्या गाडीचा भलामोठा ऑइल कूलर बसवून घेतला होता. एप्रिलमध्ये मी त्यांच्या गाडीत तापमापक लावून महामार्गावर गेले. तासाभराने कूलंट पंच्याऐंशी, तेल अठ्ठावन्न. तेल भरायचे झाकण उघडले, तर आतून ते चक्क्यासारख्या पिवळट लगद्याने माखलेले.

"तुमचं इंजिन गारठलंय," मी त्यांना सांगितले.

"पण हा कूलर चोवीस तासांच्या शर्यतीतला आहे!"

"तुम्ही चोवीस तास शर्यत लावता का?"

"मी रविवारी सकाळी आईकडे कॉफीला जातो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

कूलरच्या वाटेवर एक थर्मोस्टॅट बसवला, तेल तापेपर्यंत कूलर बंद राहू लागला, प्रश्न संपला. ते आजही मला माफ करू शकलेले नाहीत. आपल्या गाडीला ताप आहे हे लोक अभिमानाने सांगतात. ती गारठली आहे हे कुणाला ऐकवत नाही. उभ्या गाडीचे तर याहून वाईट. महिनोन्महिने न चालवलेल्या इंजिनात पाणी धरते, आम्ल तयार होते, बेअरिंग आतून खाल्ली जातात. जपून ठेवलेली गाडी जपली जात नाही, हे मी प्रत्येक ग्राहकाला बजावते. काकांनाही बजावले होते.

त्या हिवाळ्यात काकांच्या गाडीचे काम झाले. रूडने हेड घासले, नवी गॅस्केट घातली. रेडिएटरचा गाभा नवा केला. जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, म्हणजे गाडी उभी असताना, जेव्हा वाऱ्याची सर्वांत गरज, तेव्हा सर्वांत हळू फिरणारा. त्याच्या जोडीला विजेचा पंखा दिला. तेलाच्या वाटेवर थर्मोस्टॅट. हेडमध्ये, रेडिएटरच्या दोन्ही टोकांना आणि तेलाच्या तळपात्रात मी तापमापक बसवले आणि त्यांचे आकडे मागच्या गाडीत बसून माझ्या संगणकावर दिसतील अशी सोय केली.

मार्चपासून चाचण्या सुरू झाल्या. काकांना रस्ता दिसत होता, लांबची गाडी दिसत होती. डॅशबोर्डवरचे बारीक आकडे मात्र डागात हरवत. म्हणून ते काकू मोठ्याने वाचत. मी त्यांना म्हटले की आकडे माझ्याकडे आपोआप येतात, वाचायची गरज नाही.

"तुझ्याकडे येतात गं," काकू म्हणाल्या. "यांच्याकडे कुठे येतात?"

मग दर दोन मिनिटांनी आरतीच्या ठेक्यात येई, "तेल बहात्तर, पाणी ब्याऐंशी." आणि काका उत्तर देत, "अजून नाही. अजून नाही." तेल ऐंशीला पोचले की ते पायाखाली थोडा जोर देत. इतकी शिस्त मी तरुण ग्राहकांत पाहिलेली नाही. दोन गोष्टी मी त्यांच्याकडून घोटून घेतल्या. पुलापाशी इंजिन बंद करायचे नाही. आणि तापमान शंभरापुढे चढू लागले तर घरातल्या हिटरसारखा गाडीचा हिटर पूर्ण सोडायचा, मग बाहेर ऊन असले तरी. कारण हिटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच.

"पाटीवर बंद करा लिहिलेलं असताना?" काकांना नियम मोडणे जड जात होते.

"दंड झाला तर पावती मला पाठवा."

"पावती नको. तू फक्त बरोबर ये."

शनिवार, १४ जून २०२५ ला आम्ही निघालो. पुढे निळी गाडी, काका चालवत, काकू शेजारी स्कार्फ घट्ट बांधून. मागे वर्कशॉपची व्हॅन, रूड चालवत आणि मी मांडीवर संगणक घेऊन. काकूंच्या फोनवरून आम्ही सतत जोडलेले होतो. हवा चोवीस अंश. उत्तर हॉलंडच्या शेतांतून जाताना कूलंट पंच्याऐंशीवर खिळलेले, तेल नव्वद. मी इंजिनांविषयी भावुक होत नाही, पण ते दोन आकडे दीड तास तसेच राहिले, तेव्हा मी रूडला संगणकाचा पडदा दाखवला. त्याने मान डोलावली. त्याच्याकडून हे प्रमाणपत्र होते.

बांध सुरू होण्याआधी जलकपाटांजवळ एक पूल आहे. आम्ही त्याच्यापासून थोड्या अंतरावर असताना लाल दिवे लुकलुकू लागले. आमच्या आणि निळ्या गाडीच्या मध्ये कुणी नव्हते. मी तिच्या मागच्या ब्रेकच्या दिव्यांची वाट पाहत होते. ते लागले नाहीत.

"अहो," काकूंचा आवाज फोनवर आला. मग एकदम वरच्या पट्टीत, "अहो, लाल! लाल लागलाय!"

दिवे लागले, गाडीचे नाक खाली झुकले. ती फाटकाच्या अलीकडे, पुरेसे अंतर राखून थांबली. कुणाला काही झाले नाही. फाटक सावकाश खाली आले, पूल वळू लागला.

फोनवर फक्त इंजिन ऐकू येत होते, एका लयीत चाललेले. काकांनी ते बंद केले नव्हते.

"कूलंट एक्याण्णव," मी म्हटले, कारण काहीतरी म्हणणे भाग होते. "पंखा लागलाय. काका, इंजिन पंधराशे फेऱ्यांवर धरा."

पंधराशेवर आले. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. रूडने व्हॅन उभी असतानाही स्टिअरिंग घट्ट धरले होते. शंभर.

"हिटर," मी म्हटले.

"सोडलाय," काकू म्हणाल्या. "पाय भाजतायत."

एकशे एक. पुन्हा एकशे एक. पुढे आकडा सरकेना. एक मोठी बोट पुलामधून अगदी निवांत गेली, डेकवर कुणीतरी पाव खात होते. नव्व्याण्णव. हिवाळाभराच्या कामाची परीक्षा त्या पुलापाशी झाली आणि त्यात इंजिन उत्तीर्ण झाले. मी आनंदाने रूडकडे वळले. त्याचे लक्ष पडद्याकडे नव्हतेच. तो निळ्या गाडीकडे पाहत होता.

"त्याला दिसलं नाही," रूड म्हणाला.

पूल बंद झाला, फाटक वर गेले. काकांनी गाडी हळूच पुलापलीकडे नेली आणि उजव्या हाताच्या थांब्यात वळवून उभी केली. इंजिन चालूच. आम्ही मागे थांबलो. मी धावत गेले तेव्हा ते दार उघडून बाहेर उभे होते, एक हात दाराच्या कडेवर.

"काका, इंजिन उत्तम आहे. बांधावर वारा आहे, पुढे काहीच प्रश्न येणार नाही."

"इंजिनाचा प्रश्न नाहीये, केतकी."

"परवाना सप्टेंबरपर्यंत आहे."

"परवाना आहे," ते म्हणाले. "ही ओरडली म्हणून थांबलो. ही शिंकली असती तर?"

काकू उतरल्या. त्यांनी काकांच्या कोटाची कॉलर सरळ केली, जी सरळच होती. "मी एवढी वर्षं ओरडतेय," त्या म्हणाल्या, "ऐकलंत आज पहिल्यांदा."

समोर बांध सुरू होत होता. इथून तो दिसत होता, सरळ, शेवट नसलेला. मी काकांना म्हणणार होते की मी व्हॅनमधून अगदी जवळ राहीन, दर खूण आधी सांगेन, वेग साठावर ठेवा. ही वाक्ये माझ्या तोंडात तयार होती. कुठलाही प्रश्न मिळाला की त्यावर उपाय मांडायचा, हे माझे शिक्षण. पण मध्यावरचा डाग हा शीतकरणाचा दोष नव्हता, आणि त्या रस्त्यावर इतर माणसेही होती.

"तू चालव," काका म्हणाले. "मी शेजारी बसतो."

"आणि काकू?"

"मी रूडबरोबर," काकू म्हणाल्या. "अर्धा तास कुणी बोलणार नाही. सुख आहे."

मी व्हॅनमधला संगणक आणून काकांच्या पायांशी ठेवला आणि आसन पुढे ओढले. त्या गाडीचे सगळे तापमान मला ठाऊक होते. तिचा क्लच किती जड आहे हे मात्र तेव्हा कळले. आम्ही बांधावर आलो. डावीकडे उंच कडेपलीकडे समुद्र, उजवीकडे तळे, आणि वारा इतका की बोलायला ओरडावे लागे. काकांनी टोपी काढून गुडघ्यावर धरली होती. बऱ्याच वेळाने ते म्हणाले की मधे दिसत नाही, पण कडांनी सगळे दिसते. पाणी दोन्ही बाजूंनी दिसतेय. मग म्हणाले, "गाडी विकायची. शरद ऋतूच्या आधी."

"ठेवा ना, काका. मी चालवीन. तुम्ही असेच शेजारी बसा."

"तू महिन्यातून एकदा येशील, मग दोन महिन्यांनी. तुला तुझं मोठं काम करायचंय, कर. मधल्या काळात ही उभी राहील आणि तेलात पाणी धरेल. तूच सांगितलं होतंस."

ते माझेच वाक्य होते आणि ते बरोबर होते.

"घेणाऱ्याला एवढं सांग," ते पुढे म्हणाले. "पुलापाशी बंद करायची नाही. पाटी असली तरी."

पलीकडे फ्रीसलँडच्या किनाऱ्याला लागल्यावर मी गाडी बांधाच्या पायथ्याशी गवतालगत उभी केली आणि संगणक मांडीवर घेतला. लांबवर चाललेले इंजिन लगेच बंद करत नाहीत. ते मंद गतीवर चालू ठेवून आतली उष्णता उतरू द्यायची असते. हे मी काकांना शिकवले होते, म्हणून त्यांनी मला किल्लीला हात लावू दिला नाही. ते डोळे मिटून ऐकत बसले. मागे व्हॅनचे दार वाजले, काकू उतरल्या आणि आमच्यापर्यंत न येता पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"तेल?"

"सत्त्याण्णव."

पंखा एकदा लागला आणि थांबला.

"आता?"

"चौऱ्याण्णव. कूलंट शहाऐंशी."

"थांब अजून."

आम्ही थांबलो. गवतातून मेंढ्या आल्या, गाडीकडे पाहून परत गेल्या. मी आकडे सांगत गेले आणि ते प्रत्येक आकड्यावर मान हलवत गेले. घाई कुणालाच नव्हती. मग त्यांनी डोळे न उघडता हात पुढे केला, चाचपडत किल्ली शोधली आणि फिरवली. मी संगणकाकडे पाहिले आणि चाचणीच्या नोंदीतली शेवटची ओळ पूर्ण केली. इंजिन तेल, बंद करताना: ८९ अंश.